उकिरड्यातली सतरा नंबर

माझ्या नोकरीतला बराचसा काळ उकिरडे उकरण्यात गेला. हे मुद्दामच आधी सांगून टाकतो. जर्मनीत पस्तीस वर्षं काढलेला प्राणिशास्त्रज्ञ म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या येतात. कोट मलाही मिळाला होता, नाही असं नाही. तो संस्थेतल्या खुंटीवर लटकायचा आणि मी गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, हातात चार दातांचा पंजा घेऊन, कुणाच्या तरी गोठ्यापुढे शेणात उभा असायचो. घरमालकीण मला वरच्या मजल्यावर जाऊच द्यायची नाही. आधी मागच्या धुण्याच्या खोलीत अंघोळ, मग जिना. पुण्यात आईला मी पत्रात फक्त 'संशोधन उत्तम चालू आहे' एवढंच कळवत असे.

हे सगळं एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या शेवटी सुरू झालं. त्याआधी मी मुंबईत सापाच्या विषावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत होतो. हांबुर्गच्या दक्षिणेला पाइनची जंगलं, हायडे नावाच्या बुटक्या झुडपांचा जांभळा माळ आणि मैलोन् मैल दलदल असा मुलूख आहे. तिथले सगळे सरपटणारे प्राणी मोजून काढायचे, असं आमच्या प्रोफेसरांच्या मनात आलं. हिंदुस्थानातला माणूस म्हणजे सापात मुरलेलाच असणार, अशी त्यांची समजूत होती. माझं आजोळ शिराळ्याचं, त्यामुळे योगायोगाने ते बरोबर निघाले.

उत्तरेकडच्या या जंगलात साप-सरड्यांची यादी एका पोस्टकार्डावर मावते. विषारी एकच, क्रॉयत्सओटर, आपल्या फुरशाची जातभाई. बिनविषारी दोन साप. दोन जातींचे सरडे. एक बिनपायाचा सरडा, ज्याला सगळे सापच समजतात. तळ्यातलं एक कासव यादीत होतं, पण मला सगळ्या वर्षांत एकदाही दिसलं नाही. ओटर सोडून बाकीच्यांना कायद्याने संरक्षण होतं. पण कायदा वाचायला चष्मा लागतो आणि साप मारायला नुसती काठी पुरते. एक वनरक्षक दर महिन्याला मुरंब्याच्या बरणीत काहीतरी ठेचलेलं घेऊन यायचा आणि म्हणायचा, "ओटरचं पिल्लू." प्रत्येक वेळी तो बिनपायाचा सरडा निघायचा. मी एकदा त्याला समजावलं, की या प्राण्याला पापण्या असतात, सापाला नसतात, तेव्हा मारण्याआधी डोळे मिटतो का ते बघत जा. त्यावर तो म्हणाला, "हेर डॉक्टर, मी काठी उगारली की माझेच डोळे मिटतात." माणूस प्रामाणिक होता. 'हेर' म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'; मला तेव्हा डॉक्टरेट मिळालेली नव्हती, पण मी त्याला दुरुस्त केलं नाही.

आता उकिरडा का, ते सांगतो. यादीतला मोठा बिनविषारी साप म्हणजे रिंगेलनाटर. आपल्याकडच्या दिवडासारखी, पाण्याच्या आसपास बेडकांवर जगणारी, मानेवर पिवळ्या चंद्रकोरी असलेली. ओटर सरळ पिल्लं घालते, तिला काळजी नाही. ही बिचारी अंडी घालते, आणि त्या मुलखात अंडी उबवण्याइतकी जमीन तापतच नाही. मग ती शोधते कुजणाऱ्या शेणाची ऊब. शेतकऱ्याच्या दाराशी उकिरडा असेल तर पंचक्रोशीतल्या माद्या जुलैत तिथे येतात, शेणात शिरतात, चिकट पांढऱ्या अंड्यांचे घोस घालून निघून जातात. थोडक्यात, त्या थंड मुलखात हा साप माणसाच्या आणि गाईच्या जिवावर टिकून होता. शेतकऱ्यांना हात जोडून 'जुलै ते सप्टेंबर उकिरडा हलवू नका' अशी विनवणी करणं, मादी सापडली तर तिच्या पोटावरच्या ठरावीक खवल्यांना कात्रीने बारीक खूण करून नंबर देणं, आणि शरदात रिकामी टरफलं मोजणं, ही माझी नोकरी. शेणासाठी याचना करणारा परदेशी त्या लोकांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

त्यातलं एक शेत दलदलीच्या अगदी काठावर होतं. गावाचं नाव सांगत नाही. भर जुलैतही सकाळी दहापर्यंत तिथे धुकं जमिनीला चिकटलेलं असायचं. मी सायकलवरून पहिल्यांदा गेलो तेव्हा घर दिसायच्या आधी छपराच्या टोकावरची लाकडी घोड्यांची दोन डोकी दिसली, अधांतरी. मग खाली एवढं मोठं गवताचं छप्पर. एकाच छपराखाली दोन्ही बाजूंना गाई आणि टोकाला माणसं, अशी तिकडची जुनी घरं. दारातल्या बाकावर एक म्हातारी मटार सोलत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "आलास? तिला बघायला ना?"

मी कुणाला कळवलेलं नव्हतं. पोस्टमनने आजूबाजूच्या गावांतली माझी कीर्ती तिला सांगितली असणार, हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मात्र मानेवर काटा आला, खोटं कशाला बोलू.

ही ओमा मेटा. ओमा म्हणजे आजी. सगळं गाव तिला तसंच म्हणे. ती त्यांच्या खेड्यातली प्लाट बोली बोलायची आणि सगळ्यांना एकेरीत हाक मारायची. तिने मला आत नेलं. गोठ्याच्या उंबऱ्याशी बशीत दूध ठेवलं होतं. तिने सांगितलं, प्रत्येक घराला दोन साप असतात, एक धन्याचा आणि एक धनिणीचा. साप गेला की माणूस जातो. तिचा नवरा वारला त्या हिवाळ्यात एक साप अंगणातल्या पाण्याच्या पंपाखाली मेलेला सापडला होता. आता घराचा धनी तिचा मुलगा योहान, म्हणून उरलेला साप त्याचा, असं ती मानायची. योहान रशियात युद्धावर गेला तो परतलाच नव्हता. शेवटच्या युद्धकैद्यांच्या गाड्या आल्या, तेव्हा ही म्हातारी मुलाचा फोटो छातीशी धरून स्टेशनवर तीन दिवस उभी होती. कुणीच त्याला ओळखलं नाही.

"पण ती आहे," ओमा उकिरड्याकडे बोट दाखवून म्हणाली. "ती आहे तोवर तो आहे."

दुसरा कुणी शास्त्रज्ञ हसला असता. मी हसलो नाही, कारण आमच्या आजोळी परसातल्या नागाला राखणदार म्हणत आणि त्याच्या वाटेवर कुणी खरकटं पाणीसुद्धा टाकत नसे. साप दूध पीत नाही हे मला माहीत होतं. बशी मांजर चाटून जातं हेही मी दोन दिवसांत पाहिलं. पण ते ओमाला सांगावंसं वाटलं नाही.

घरात आणखी दोघं होती. ओमाची सून इल्झे, तेव्हा पस्तिशीची. लग्नानंतर नवरा तिला पंधरा दिवसांच्या रजेपुरता लाभला, तेवढाच. आणि हाइनर. युद्ध संपताना पूर्वेकडून निर्वासितांबरोबर आलेला, तेव्हापासून ही शेती ओढणारा, कमी बोलणारा माणूस. तो आणि इल्झे एका टेबलावर जेवत, एकाच वेळी उठत, आणि एकमेकांकडे बघत नसत. यावरूनच काय ते कळायचं.

इल्झेने एकदा सायकलीत हवा भरायला पंप देता देता मला स्पष्टच सांगितलं. "योहानला कोर्टाकडून मृत घोषित करून घ्यायचा अर्ज मी भरून ठेवलाय, हेर डॉक्टर. कायद्याने बायकोची सही पुरते. पण ओमानं एकदा मान डोलावल्याशिवाय मी तो पेटीत टाकणार नाही. ती माझी आईच आहे."

"आणि ओमा?"

"ओमा म्हणते, साप बघ जा."

यात मी काय भर घातली होती ते माझ्या टाळक्यात फार उशिरा शिरलं. मी येण्याआधी तो कुठलाही साप होता. दिसला तर दिसला, नाही दिसला तर नाही, आणि म्हातारीच्या मनातही कधीतरी शंका आली असती. मी पहिल्याच वर्षी त्या मादीला पकडून खूण केली. सतरा नंबर. पुढे दर जुलैत ओमा विचारायची, "तीच का?" आणि मी तिला उलटी धरून, पोटावरचे खवले मोजून, मोठ्या दिमाखात सांगायचो, "सतरा नंबर, ओमा. तीच." दर वेळी इल्झे तोंड फिरवून आत निघून जायची. मला वाटायचं, बाई सापाला भिते.

चौथ्या वर्षीच्या जुलैत मात्र वेगळंच घडलं. सकाळचे नऊ वाजले असतील. धुक्यामुळे पंपापाशी उभी असलेली इल्झे नुसती आकृतीसारखी दिसत होती. सतरा नंबर उकिरड्याच्या कडेला वेटोळं करून पडलेली, पोट अंड्यांनी फुगलेलं. ओमा माझ्या मागे काठी टेकून उभी. मी हात जोडले आणि मादी उचलली. साप उचलण्याआधी हात जोडायची मला लहानपणापासूनची सवय. प्रोफेसरांना ती आवडायची नाही, पण ओमाला भारी वाटायचं. जाणता माणूस आहे, असं ती गावभर सांगे, आणि सापाला हात लावायची परवानगी तिने मला दिली ती एवढ्याचसाठी.

रिंगेलनाटरला चावणं माहीत नाही. तिची दोनच हत्यारं. आधी ती अंगावर असा काही घाण द्रव सोडते, की तीन दिवस जेवण जात नाही. आणि त्यानेही भागलं नाही तर ती मरते. म्हणजे सोंग करते. अंग सैल, पोट वर, तोंड वासलेलं, जीभ एका बाजूला लोंबती. ओठांवर रक्ताचा थेंबसुद्धा आणते. पहिल्यांदा बघणारा फसतोच. सतरा नंबरने आधीच्या तीन वर्षांत हे कधी केलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या हातात तिने केलं.

मी तिला अलगद पेंढ्यावर ठेवलं. ठेवताना माझ्या बुटाचा तिच्या शेपटीला धक्का लागला. आता आपलं माणूस, कुणाला पाय लागला की काय करतं? वाकून हात लावतं आणि तो छातीला लावतं. मीही केलं. विचार न करता. गाभण जिवाला पाय लागला, एवढंच माझ्या मनात होतं.

मागून काठी पडल्याचा आवाज आला. ओमाचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिच्या डोळ्यांपुढे काय घडलं ते बघा. साप माझ्या हातात गतप्राण झाला, तोंडातून रक्त आलं, आणि जाणत्या माणसाने वाकून त्याला शेवटचा नमस्कार केला.

"गेला तर," ती म्हणाली. एवढंच. पदरासारखा एप्रन तोंडाला लावून ती आत गेली.

मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून तिचा आवाज यायला लागला. गोठ्यातल्या पहिल्या खांबावर तीन टकटक, मग ओमाचा स्वर, "धनी गेला." पुढचा खांब, तीन टकटक, "धनी गेला." घरातलं माणूस गेलं की गुरांना एकेकाला सांगायचं, नाहीतर तीही मागोमाग जातात, अशी तिकडची चाल. अठरा गाई होत्या. एरवी सकाळी त्या गोठ्यात कान किटतात, पण त्या वेळी एकही जनावर हललं नाही. धुक्यात उभा राहून मी ते ऐकत होतो, आणि मला भीती वाटली. कशाची ते आजही सांगता येणार नाही.

माझ्या पायाशी काहीतरी सरकलं. सतरा नंबरने जीभ आत घेतली, हळूच अंग पालथं केलं, आणि डोकं उचलून सरळ उकिरड्यात शिरली.

पंपाजवळून इल्झे माझ्यापाशी आली होती. तिने ते पाहिलं. माझ्या दंडाला धरून ती अगदी हळू म्हणाली, "काही बोलू नका. बिटऽ, विनंती करते. मी काही केलं नाही, तुम्हीही केलं नाही. फक्त बोलू नका."

आतून खांबावरची टकटक चालूच होती. मी बोललो नाही.

तेव्हा मी स्वतःची समजूत घातली, की मी विज्ञानाचा माणूस, एका खुळ्या समजुतीपायी एका बाईचं आयुष्य अडकलं होतं, ते सुटत असेल तर माझ्या बापाचं काय जातंय. समजूत चांगली होती. ओमाने त्याच आठवड्यात मान डोलावली. कोर्टाचा कागद यायला वर्ष लागलं. मग गावातल्या युद्धाच्या दगडावर योहानचं नाव कोरलं गेलं आणि वसंतात इल्झे-हाइनरचं लग्न झालं. मला बोलावणं होतं. ओमा काळ्या कपड्यांत पहिल्या बाकावर बसली होती, आणि तिने हाइनरच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

पण जुलै दर वर्षी येतोच. सतरा नंबरही आली. मी तिला ओमाच्या नजरेआड, उकिरड्याच्या मागच्या बाजूने पकडायचो, चोरासारखा. उंबऱ्यावरची दुधाची बशी गेली होती. एकदा दुपारी ओमा बाकावर बसलेली, मी शेजारी वहीत काही लिहीत होतो, आणि सतरा नंबर बाई चक्क आमच्या पायांपुढून गेली. मानेवरच्या चंद्रकोरी, पाठीवरचा जुना व्रण, सगळं ढळढळीत. ओमा बघत राहिली, पार ती गवतात दिसेनाशी होईपर्यंत.

"ही दुसरी असेल," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "हो ना?"

"हो, ओमा. दुसरीच."

तिने मान हलवली. मला वाटतं, मी 'तीच' म्हणावं म्हणून ती थांबली होती. नक्की सांगता येत नाही. पुढच्या हिवाळ्यात ती झोपेत गेली, आणि गुरांना सांगायचं काम हाइनरने केलं.

साठच्या दशकात शेतं झपाट्याने बदलली. घोडे गेले, ट्रॅक्टर आले. उकिरडा हे मागासलेपणाचं लक्षण झालं. गोठ्याखाली काँक्रीटचे हौद बांधून शेण पातळ करून साठवायची पद्धत आली. शेतकऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पंजाने शेण उचलून त्यांच्या पाठी मोडल्या होत्या. पण पातळ शेणात अंडी उबत नाहीत. माझ्या नकाशावरचे उकिरडे एकेक करून खोडले जायला लागले आणि कायद्यातलं संरक्षण जिथल्या तिथे होतं. सापाला मारायचं नाही एवढंच कायदा म्हणत होता. त्याच्या बाळंतिणीच्या खोलीबद्दल त्यात काही नव्हतं. यावर मी एक अहवाल लिहिला. तो फार व्यवस्थित फाइलला लागला.

ओमाच्या घरी मी असाच एका वर्षी ऑक्टोबरात पोचलो तेव्हा उकिरड्याच्या जागी ओलसर करडं काँक्रीट होतं. हाइनर ओशाळून म्हणाला, "यंत्र सप्टेंबरातच मिळत होतं, हेर डॉक्टर. दुसऱ्या आठवड्यात. थांबता आलं नाही." कडेला ढिगारा ओढून टाकला होता. पंजा घेऊन मी तो उकरला. अंड्यांचे घोस फुटून वाळलेले होते, आणि त्यांच्या खाली ती होती, थंडी पडायला लागल्यावर उबेला परतलेली. यंत्राच्या फाळाने मधोमध चिरडलेली. मी खवले मोजले, खूण तपासली, पुन्हा मोजले. तिला कागदी पिशवीत घातलं.

इल्झेने कॉफीला आत बोलावलं. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. ती समोर बसली, हात एप्रनमध्ये घट्ट धरून. मग तिने टेबलावरून एक पत्र माझ्याकडे सरकवलं. बेपत्ता लोकांचा शोध घेणाऱ्या कचेरीचं होतं, पत्ता ओमाच्या नावाचा.

पत्रात लिहिलं होतं, की योहान रशियात पार पूर्वेकडच्या एका गावात लाकडाच्या गिरणीत काम करत होता. तिथे त्याला बायको आणि दोन मुली होत्या. इतकी वर्षं त्याने कुणालाही आपलं गाव सांगितलं नव्हतं. शेवटच्या आजारात इस्पितळात त्याने आईचं नाव आणि या शेताचं नाव सांगितलं, आणि तो सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वारला.

पत्र घडी घालून ठेवायला मला वेळ लागला. बाहेर गोठ्यात एक गाय खांबाला शिंगं घासत होती.

"इतकी वर्षं तो होता," इल्झे म्हणाली. "ओमा बरोबर होती, आणि आपण दोघांनी तिला..." पत्रातल्या तारखेवर बोट ठेवून ती म्हणाली, "त्याच आठवड्यात हाइनरने उकिरडा मोडला. मी कॅलेंडरवर पाहिलं. हेर डॉक्टर, खरं सांगा. ती दिसली का तुम्हाला, त्यानंतर?"

एका शब्दावर ती बाई पुढचं सगळं आयुष्य काढणार होती, आणि तो शब्द माझ्या तोंडात होता.

"दिसली ना," मी म्हणालो. "आत्ताच येताना. तळ्याकडे चालली होती."

"तीच? सतरा नंबर?"

"तीच. खवले मोजून बघितले."

तिने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे ओमाचं ते नुसतं मनाचं होतं."

"गेनाऊ, अगदी तसंच," मी म्हणालो. "साप तो साप."

तिने उठून माझ्या कपात आणखी कॉफी ओतली आणि केकचा तुकडा पुढे केला. मी एका हाताने खाल्ला. दुसऱ्या हाताने मांडीवरच्या पिशवीचं तोंड घट्ट आवळून धरलं होतं.